वडिलांचा रकाना

ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात एक टायपिंगचं दुकान होतं आणि त्यात चंद्रहास. सावंतवाडीहून आलेला हा गडी बावीस वर्षांत अरबी इतकं शिकला, की ओमानी लोकही अर्ज भरायला त्यालाच शोधत यायचे. त्याचा एक हट्ट होता: कागद गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच सहीच्या जागी बोट ठेवायचं. मागे रांग लागो, दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, 'यल्ला, यल्ला' करत घाई करो, हा बातम्या दिल्यासारखा वाचत बसायचा. जगातल्या प्रत्येक भानगडीला कुठला ना कुठला रकाना असतोच, असं त्याचं ठाम मत.

२०१७ साली नूरुद्दीननं ते मत पार खिळखिळं केलं. हा समोरच्या बेकरीतला येमेनी रोटीवाला. सहीपुरतं नाव गिरवायचा, बाकी अक्षरशत्रू. पण माणूस लाखमोलाचा. त्याचा पासपोर्ट संपत आला होता. नवा नाही मिळाला तर व्हिसा खलास, आणि घरी जायचं म्हणजे थेट लढाईत. त्यात तिकडे येमेनात सरकारं दोन. गावावर ताबा एकाचा, इथे चालणारा पासपोर्ट दुसऱ्याचा. पासपोर्टवाले म्हणाले, गावाहून कुटुंबाचा दाखला आणा. गावचा शेख म्हणाला, घरटी एक माणूस लढायला द्या, मग दाखला न्या.

"अरे, मग तू नक्की कोणाचा?" चंद्रहासनं विचारलं.

"तेच तर तुला विचारायला आलोय, सदीक." दोस्ताला तो सदीकच म्हणायचा.

नूरुद्दीनचे म्हातारे वडील फोनवर म्हणाले, "तू येऊ नकोस. मी बघतो." महिन्याभरात दाखला आला की! शेखच्या हातापाया पडले असतील, असं म्हणत नूरुद्दीन गरम रोट्या घेऊनच दुकानात शिरला.

चंद्रहासनं दाखल्यावरून अर्ज भरला आणि नेहमीसारखा वाचायला घेतला. आई, घरी. बहीण, सासरी. पुढे तो अडखळला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक ओळ गिळून त्यानं सहीच्या जागी बोट ठेवलं.

"बाबांचं राहिलं," नूरुद्दीन म्हणाला.

"वडील. वय एकसष्ट. सध्या लढाईवर."

नूरुद्दीन हसलाच. "त्यांना एका डोळ्यानं दिसतसुद्धा नाही. नीट वाच."

चंद्रहासनं पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

"कोणाकडून लढतायत?"

"ज्यांनी दाखला दिला, त्यांच्याकडून."

"आणि हा अर्ज?"

"दुसऱ्या सरकारचा."

नूरुद्दीनच्या हातातलं पेन तसंच राहिलं. सही केली, तर वडील ज्यांच्यावर गोळ्या झाडतायत त्यांचा तो नागरिक. नाही केली, तर म्हातारा लढाईवर फुकटच गेला.

"सदीक, कागदातलं तुला कळतं. सांग, करू सही?"

 चंद्रहासला राग आला, पण कोणाचा ते कळेना. बोट अजून कागदावरच होतं. ते तसंच ठेवावं की उचलावं, याला मात्र कुठलाच रकाना नव्हता.