दुकानातला मोजा
नव्या रबराचा वास आला की मला गारखेड्यातल्या त्या बुटांच्या दुकानातला मोजा आठवतो आणि शिसारी येते. दुष्काळाचं साल होतं, आणि मला सकाळी पळायला अन् एरवी कॉलेजातही चालतील असे बूट हवे होते. मी चपला घालून गेलो होतो, म्हणून दुकानदारानं आधीच्या गिऱ्हाइकानं नुकताच काढलेला मोजा माझ्यापुढं धरला. ओलसर, चिकट, आंबूस! "धुता का हो हा कधी?" मी विचारलं. "पाणी कुठंय? घाला, सब इसीच में पहनते." बूट मात्र झकास बसले, घेतले. घरी येऊन पाय घासायला धावलो, तर आईनं बादलीवर ताट झाकलं, "हे प्यायचंय." आजही कुणी मोजा पुढं केला की माझा उजवा पाय आपोआप मागं सरकतो.