भोकं जुळली म्हणून

विमानतळ म्हणावं असं ते काही नव्हतं. गवत कापून केलेली एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आज्या-पणज्याच्या वयाची पाच-सहा छोटी विमानं. त्यांची इंजिनं बघणाऱ्या माणसाला सगळे वैद्य म्हणायचे. इंजिनावरचा पेट्रोलपंप हातात आला की हा गडी आधी त्याची नाडी बघायचा. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं पंपाची दांडी हलवायची आणि डोळे मिटून बसायचं. अंगठ्याला रेटा किती लागतो ते कळेपर्यंत तोंडातून शब्द नाही.

जुन्या इंजिनाचे पंप बाहेरून सख्खे भाऊ दिसतात. एक डबी, दोन नळ्या आणि इंजिनाच्या पोटात शिरणारी एक दांडी. पण दांडी नखभर आखूड निघाली तर इंजिन उपाशी राहतं, आणि रेटा जास्त निघाला तर पेट्रोल उतू जातं. वैद्य एकेका पंपावर आठ-आठ दिवस घालवायचा. लोक म्हणायचे, म्हातारा घाबरट झालाय. घाबरट झालाच होता, पण त्याला वय कारण नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यानं दाजीच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या विमानाला पंप बसवला होता. भोकं जुळली, बोल्ट बसले. त्या विमानाची टाकी इंजिनाच्या खाली, त्यामुळं सगळी भिस्त पंपावर. इंजिन सुरू करताना आणि उडताना हाताशी असावा म्हणून विजेवरचा एक छोटा मदतपंपही होता. चाचणी घेताना वैद्यानं तो बंदच केला नाही. इंजिन झकास चाललं. दोन पंपांत ओढतंय कोण आणि गाडीखालच्या कुत्र्यासारखं नुसतं चालतंय कोण, हे बघायचं राहून गेलं. दाजीनं झाडांच्या वर गेल्यावर रिवाजाप्रमाणं मदतपंप बंद केला.

इंजिन मेलं, विमान दाजीसकट खाली आलं आणि जळून कोळसा झालं. चौकशीवाल्यांनी कागदावर लिहिलं, चालकाची चूक. वैद्य गप्प बसला.

तेव्हापासून दाजी शेडमध्ये यायला लागला. भर दुपारी, लख्ख उजेडात यायचा. तेलाच्या पिंपावर बसायचा, बोलायचा नाही. नुसता अंगठा पुढं धरायचा, पंपाच्या तोंडावर धरतात तसा.

"दाजी, काम करू द्या," वैद्य म्हणायचा.

"कुणाशी बोलताय?" रखवालदार विचारायचा.

"पाव्हणा आलाय. तुला काय करायचंय?"

मग भाची, दाजीचीच पोर, उडायला शिकली. बापाच्या विमानाच्याच जातीचं एक जुनं विमान तिनं मिळवलं आणि एका दुपारी खोक्यातून आणलेला पंप बसवूनच वैद्याला हाक मारली.

"मामा, बघा कसा चपखल बसलाय. भोकं जुळली, नळ्या जुळल्या. उद्या उडवते. उडायला हरकत नाही, तेवढी कागदावर सही करा."

"चालवून बघितलंस?"

"बघितलं की. वाघासारखं चाललं."

पिंपावर दाजी बसला होता. आज त्याचे दोन्ही अंगठे पुढं होते.

"मदतपंप बंद करून चालवलंस?"

"तो कशाला बंद करायचा?"

"बस आत. सुरू कर. आणि मग मदतपंप बंद कर."

इंजिन मंद चाललं तोवर ठीक होतं. भाचीनं पूर्ण जोर दिला, तसं ते दोनदा खोकलं आणि मेलं. पंखा थांबला.

भाची खाली उतरली, तोंड पांढरंफटक. "काय नशीब! मामा, तुम्हाला कसं कळलं?"

अनुभव, असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"बाबांनी अशी चाचणी घेतली असती तर..." ती म्हणाली. "आई म्हणते, त्यांना सगळ्याचीच घाई."

"त्यानं नव्हती घ्यायची. मी घ्यायची होती," वैद्य म्हणाला. "असलाच पंप होता. मी बसवला. मदतपंप चालू ठेवून बघितला आणि सही केली."

भाचीनं हातातला पाना खाली ठेवला. बराच वेळ तिनं हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी.

"आईला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. आजच. दांडी मापून बरोबर पंप मी शोधीन, पण सही दुसऱ्याची घेईन."

संध्याकाळच्या आत वैद्य बहिणीच्या दारात उभा होता. ती भांडी घासत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पंप, दांडी, मदतपंप, चौकशी. तिचे हात थांबले नाहीत. एक पातेलं तिनं तीनदा घासलं.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"नव्हती, आक्का."

"पोरीला वाऱ्यावर सोडून गेला मेला, म्हणून अकरा वर्षं शिव्या घातल्या मी त्यांना. श्राद्धालासुद्धा धड हात जोडले नाहीत." तिनं नळ बंद केला. "तुला काय करायचं ते मी नंतर बघीन. आधी त्या शिव्यांचं काय करू, ते सांग."

आक्कानं ओले हात पदराला पुसले, आत गेली आणि आतून कडी लावली.