सांगितल्याशिवाय सोडायचं नाही

लग्नसराई तोंडावर आली, तरी माल भरायचा की नाही यावर अण्णा मूग गिळून बसला होता. जुन्या हुबळीतलं साड्यांचं दुकान थोरला अण्णा आणि मी, आम्ही दोघे भाऊ चालवतो. त्याला दुकान सोडायचंय असा संशय मला छळत होता. एकट्याने गादीवर बसायची कल्पनाच नको वाटायची, पण विचारायचं धाडस होईना.

अशातच एका दुपारी इंजिनिअरिंगला असलेली अण्णाची लेक दोन चिमुकल्या यंत्रगाड्या घेऊन दुकानात आली. दोघींनी मिळून एक फळी न्यायची, फळीवर पाण्याचा पेला. रिमोट नाही, गाड्या आपलं आपण ठरवतात. असल्या गोष्टींचा मला भारी नाद. मी गिऱ्हाईक सोडून जमिनीवर मांडी घातली.

निघाल्या दोघी तोऱ्यात. मध्येच एकीचं चाक सतरंजीच्या दशांत अडकलं आणि ती उभी राहिली. दुसरी चालतच राहिली. पेला आडवा झाला.

"दोघींना वाट ठाऊक होती की गं. मग चुकलं कुठं?"

"काका, 'फळी पोचव' एवढंच शिकवलं होतं. 'आपण मिळून पोचवू' हे शिकवलंच न्हाई. आता नियम घालते. काम झालं, किंवा आपल्याच्यानं हुईना असं कळलं, की आधी जोडीदारणीला सांगायचं. मगच सोडायचं."

"झालं तरी सांगायचं?"

"न्हाईतर दुसरी उगंच राबत बसेल की!"

मला हसू आलं. नऊवारीची घडी घालताना आमच्याकडे हाच कायदा. दोन टोकांना दोघे. कानडीत सांगा नाहीतर मराठीत, पण सांगितल्याशिवाय टोक सोडायचं नाही. "एवढ्यासाठी कॉलेजची फी भरलीस होय?" म्हणून मी तिला चिडवलं.

तिनं नियम घातला, पेला पुन्हा भरला. दुसऱ्या खेपेला चाक पुन्हा अडकलं. अडकलेलीचा दिवा लुकलुकला, आणि दुसरी जागच्या जागी थांबली. पाणी हललं, सांडलं नाही. मी टाळ्या पिटल्या. अण्णा वाकून तो लुकलुकता दिवा बघत होता.

ती गेल्यावर आम्ही एक नऊवारी घडी घालायला घेतली. अर्ध्यावर अण्णा थांबला.

"मला आता दुकान हुईना बघ. गुडघं साथ देईनात. थांबावं म्हणतो. तुला कसं सांगू, म्हणून गप होतो."

राग आला, वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. त्याच्या हातातलं टोक अजून तसंच ताणलेलं होतं.

"एवढी लग्नसराई दोघं काढू," मी म्हटलं. "मग सोड."