कासवाची जांभई

नातवानं जांभई दिली की अजून माझा हात चुटकीसाठी उठतो आणि मध्येच थांबतो.

एकोणीसशे तीसच्या आसपास सोलापुरात आमच्या हातमागाच्या खोलीत, वाळत घातलेल्या ओल्या रंगीत सुताखाली, मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं, गंगूनं एक कासव पाळलं होतं. मेंढरं राखणाऱ्या धोंडूमामांनी ते वळसंगच्या माळावरून आणलेलं. त्या थंडीत ते मान ताणून सारखं तोंड उघडायचं.

"जांभई देतंय की गं!" गंगू हसायची, आणि मी त्याच्यापुढं चुटकी वाजवायचे.

पुढं मामा आले. त्यांनी कासव उचलून कानाशी धरलं.

"जांभई न्हाय पोरी. माळावरचं जनावर वल्यात ठिवलं, दम लागलाय त्याला."

त्यांच्या हातातच त्यानं तोंड उघडलं, ते मिटलंच नाही. गंगू मात्र ते मिटावं म्हणून किती तरी वेळ चुटक्या वाजवत राहिली.