अण्णांनी मला झेलबाद दिलं तो रविवार

माणसाच्या बुद्धीपलीकडे काहीतरी आहे, हे मी आता मान्य करतो. ते काहीतरी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनजवळच्या एका खेड्यात, फुटबॉल क्लबच्या दुसऱ्या मैदानावर, बोलरच्या बाजूच्या स्टंपांमागे एका रविवारी दुपारी उभं होतं... आणि त्याने माझी टोपी घातली होती.

तशी असल्या प्रकारांवर माझी श्रद्धा नाही. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी आवडीने वाचतो, पण एखाद्याच्या बंगल्यातले दिवे अचानक गेले की मला आधी वायरमनची आठवण होते. त्यामुळे घडलं तेवढंच लिहितो. कुणाला साधं स्पष्टीकरण सापडलं तर जरूर कळवा.

जर्मनीत चार माणसांना मिळून क्रिकेट खेळायचं तर आधी ‘फेराइन’ काढावी लागते, म्हणजे रीतसर नोंदवलेलं मंडळ. अध्यक्ष, घटना, वार्षिक सभा. आमच्याकडे हे सगळं आहे, चांगला फास्ट बोलर तेवढा नाही. मैदानाच्या मधोमध आम्ही मॅट अंथरतो. एका बाजूला सफरचंदाची झाडं, दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत, त्यापलीकडे चर्च. मक्यात गेलेला चेंडू कापणीनंतर मिळतो. खेळणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, आठवडाभर गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे. टॉस मात्र असा करतात, की बघणाऱ्याला वाटावं दोन राष्ट्रांमध्ये तह होतोय.

आमच्यात पंच बॅटिंग करणाऱ्या टीमनेच द्यायचे असतात. म्हणजे आपल्याच माणसाने आपल्याला आउट द्यायचं. सहसा कुणी देत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. नोकरीत असताना आणि नंतरही ते ऑफिसांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. मग हळूहळू दोन्ही कान गेले. यंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं कळतं, काढलं की कुकरची शिट्टीही नाही. आमच्याकडे ते दिवसभर सोफ्यावर गप्प बसून असत. बायको त्यांच्याशी ओरडून बोले, आमची लेक रेवा जर्मनमधून बोले आणि मी हसून मान हलवे. एके सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुमच्या मॅचला मी उभा राहिलो तर चालेल का?"

आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मी आमच्या कॅप्टनला, महाजनला विचारलं. तो म्हणाला, काकांचा मान आहेच, पण कड लागलेली त्यांना ऐकू आली नाही तर समोरचे आपल्याला सोडणार नाहीत. शेवटी ठरलं, एक मॅच. काही गडबड झाली तर पुन्हा नाही. मी हे अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला.

समोर अफगाण मंडळींची टीम होती, आमच्यापेक्षा बरीच चांगली. आमची बॅटिंग दुसरी. अण्णा माझी टोपी घालून उभे राहिले आणि मला तो माणूस ओळखू येईना. पाठ ताठ, नजर स्थिर. बोलर मागून रनअपकडे जाता जाता हलक्या आवाजात विचारायचा, किती चेंडू राहिले? अण्णा मागे वळून न बघता बोटं दाखवायचे. तेव्हा कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शेवटच्या विकेटसाठी मी आत गेलो तेव्हा जिंकायला तीन रन हवे होते. तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. लग्न होतं की बारसं, कोण जाणे, पण दणदणीत. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला, मी बॅट घातली आणि तळहाताला अगदी मुंगी चालल्यासारखं काहीतरी जाणवलं. आवाज मलाही आला नाही. कीपरने चेंडू धरून परत फेकायला हात उचललासुद्धा. बोलरने अपील केलं, पण तो तर बुटाची लेस बांधतानाही अपील करायचा.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आणि बोट वर केलं. दिवाळसणापासून जावई म्हणून जो काही मान मिळाला होता, तो त्या बोटापाशी संपला.

मॅच गेली. महाजन सीमारेषेवरून आत आला. आवाज शक्य तितका सभ्य ठेवून म्हणाला, "काका, कशावर दिलंत?"

"कड लागली. टक् आवाज आला."

"या घंटांमध्ये?"

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठल्या घंटा?"

घंटा अजून वाजत होत्या. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"लागली होती," मी म्हणालो.

महाजन थोडा वेळ बुटाने गवत उकरत राहिला. मग म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी मोकळे आहात ना?"

"मला कुठे जायचंय?" अण्णा म्हणाले.

परत येताना गाडीत मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग लक्ष गेलं – दोन्ही कान मोकळे. घरी आलो तर यंत्रं ओट्यावर मिक्सरशेजारी चार्ज होत होती. बायको म्हणाली, "अहो, ही तुम्ही गेल्यापासून इथेच आहेत."

यंत्र लावून झाल्यावर मी विचारलं, विसरलात का. ते म्हणाले, "विसरलो नाही. वाऱ्यात त्याचा नुसता घोंघाट होतो."

"मग ऐकू कसं आलं?"

"आलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पोहे मागितले.

त्या आठवड्यात घरात जरा जाग आली. अण्णांनी रेवाला पंचांच्या खुणा शिकवल्या. त्याला जर्मनही लागत नाही आणि मराठीही. आमटी नको असली की ती दोन्ही हात पसरून वाइड देऊ लागली आणि अण्णा खदखदून हसू लागले.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. मग यंत्राशिवाय हे वीस मीटरवरून चेंडू बॅटला घासल्याचं ऐकू शकतील का, असं विचारलं. त्यासाठी डॉक्टरांना आधी क्रिकेट समजावावं लागलं. मी छत्री घेऊन दाखवलं. त्यांनी आलेखाकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आल्झो... नाइन." म्हणजे, तर मग... नाही.

चेंडूची दिशा बदलली असेल? कीपरलाही दिसली नाही. ओठ वाचले असतील? बॅटला ओठ नसतात, आणि बोलर तर पाठीमागून विचारायचा. आणि घंटा त्यांना का ऐकू आल्या नाहीत, हे तर मी विचारायचंच सोडून दिलंय.

पुढच्या रविवारी वारा नव्हता, म्हणून अण्णा यंत्रं लावून उभे राहिले. त्यांनी मला पुन्हा झेलबाद दिलं. त्या वेळी चेंडू बॅटपासून वीतभर लांब होता.