बाबांच्या कॅसेटी आणि न सापडणारा सर्व्हर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचे हातपाय हळूहळू ऐकायला लागले, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. मग नुसतं "हं" म्हणून मान फिरवायचे. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्यभर वरच्या साहेबांनाही खडे बोल सुनावणारा माणूस हा. त्यांचं ते "हं" मला ऐकवत नसे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, "घर की कोई पुरानी रिकॉर्डिंग है? अपनी भाषा, अपनी आवाज रोज सुनाइए. एक ही टाइम पर." 'रोज' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

रिकॉर्डिंग होती. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना काढलेल्या व्हिडिओ कॅसेटी आईने कपाटात जपून ठेवल्या होत्या. करोल बागेतल्या एका दुकानातून त्या कॉम्प्युटरवर चालतील अशा करून आणल्या. आता आईबाबा नोएडात माझ्याकडेच असतात. हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा मी सर्व्हर केला, म्हणजे कॅसेटी राहणार त्यात आणि बाबांच्या खोलीतला टीव्ही वायफायवरून त्या दाखवणार. मी आयटीतली. अर्ध्या तासात काम संपवलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी अकराला बाबांना उशीला टेकवून बसवलं, तर टीव्ही म्हणे, सर्व्हर सापडत नाही. मी पुन्हा सगळं जोडून दिलं, पण तोवर बाबांचा डोळा लागला होता. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. ऑफिसात लोक माझ्याकडे नेटवर्कची गाऱ्हाणी घेऊन येतात आणि घरी हा असा दिव्याखाली अंधार. मी राउटरला शिव्या दिल्या, टीव्हीला दिल्या, मध्ये बोलायला आलेल्या आईवरही खेकसले. बाबा त्या निळ्या पडद्याकडे बघत राहायचे. सहाव्या दिवशी मी रिमोट उचलला तर त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की राग येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटेच उठून लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये ठाण मांडलं. सहाला आई फिरायला निघाली. चपला घातल्या आणि जाता जाता भिंतीवरचं मोठं बटण खटकन बंद केलं. राउटर गेला, कॉम्प्युटर गेला.

"आई, हे काय करतेस?"

"बटण बंद करतेय. घराबाहेर पडताना बटणं बंद करायची, हे काय तुला आज कळतंय? आल्यावर लावते ना मी."

घ्या! रोज सकाळी मी घोरत पडलेली असताना हे चालत होतं. आईने बटण लावलं की कॉम्प्युटर आपला आपण सुरू व्हायचा, म्हणून मला पत्ताच नाही. पण प्रत्येक वेळी राउटर त्याला नवा नंबर द्यायचा आणि टीव्ही जुन्या नंबरावर शोधत बसायचा. बदली होऊन गेलेल्या माणसाच्या जुन्या क्वार्टरचं दार वाजवावं, तसं.

आईला सवय सोड म्हणण्यात अर्थ नव्हता. जित्याची खोड ती. मी राउटरमध्ये कॉम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून टाकला, तीन वेळा बटण बंद-चालू करून पाहिलं आणि अकराला बाबांच्या खोलीत गेले.

"एकदाच, बाबा. आज नाही लागलं तर टीव्हीच उचलून बाहेर नेते."

ते हो म्हणाले नाहीत, पण भिंतीकडेही वळले नाहीत. टीव्ही लागला. क्वार्टरचं स्वयंपाकघर, दिवाळीचा चिवडा, कढईपाशी दहा-बारा वर्षांची मी आणि शेजारी कमरेवर हात ठेवून हुकूम सोडणारे काळ्याभोर केसांचे बाबा. स्वतःचा आवाज ऐकून पलंगावरचे बाबा जरा सरसावले. मी मनात म्हटलं, चलो, जमलं एकदाचं.

"आच मंद ठेव," पडद्यावरचे बाबा सांगत होते, "हात थांबवू नकोस, नाहीतर पोहे..."

आणि चित्र अडकलं. बाबांची खोली मागची, मध्ये दोन जाड भिंती, वायफाय पोचेल तर शपथ. पडद्यावर लोडिंगचा गोल फिरायला लागला. मी दात-ओठ खात रिमोट उचलला. आता इथवर वायर ओढावी लागणार, भिंतीला भोक पाडावं लागणार, असं माझं मनातल्या मनात सुरू झालं.

"करपतील."

टीव्हीवर अजून गोलच फिरत होता. मी हळूच मागे पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, अगदी पूर्वीसारखे.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत लगबगीने आली. "काय करपतंय? मी तर गॅस कधीच बंद केलाय," असं ती बाबांनाच म्हणाली, आणि मग दारातच थांबली.