कुकरची रिंग आणि गुरुजींचा निकाल

“मॅडम, पास का नापास, तेवढंच सांगा. मार्क मागून बघू.”

चाकूरचे रिटायर्ड गुरुजी माझ्या नांदेडच्या लॅबच्या दारात उभे होते. गाठ आलेली त्यांची किडनी काढून झाली होती. ती गाठ कोणत्या जातीची, हे सांगायचं काम माझं. मी पॅथॉलॉजिस्ट.

सर्जनना एका वाईट जातीची शंका होती. आपल्या पेशी साखरेतून ऊर्जा काढतात, त्याला एन्झाइमं लागतात. त्यातलं एफएच नावाचं एन्झाइम गाठीतून गायब असेल, तर आजार झपाट्याने पसरतो. शिवाय दोष मुलाबाळांतही उतरू शकतो. गुरुजींना दोन मुली. गाठीचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर घेऊन आम्ही स्टेन करतो, म्हणजे या एन्झाइमला धरणारा रंग चढवतो. तपकिरी रंग आला तर एन्झाइम आहे, नाही आला तर गेलं.

मी स्लाइड पाहिली. रंग नव्हता.

तेवढ्यात सर्जनचा फोन. “काय मॅडम, गेलं का एफएच? मी पुढची ट्रीटमेंट लिहून राहिलो.”

“लिहू नका. थांबा जरा.”

त्याच स्लाइडवर गाठीशेजारी चांगल्या किडनीचा तुकडा असतो. तिथे हे एन्झाइम असतंच. तोही कोराच होता! वर्गातली हुशार पोरंसुद्धा नापास झाली, तर गडबड पेपरातच असणार.

“बालाजी!” मी टेक्निशियनला हाक मारली.

आता हसू नका. स्टेनच्या आधी स्लाइड आम्ही साध्या कुकरमध्ये उकळतो. प्रेशर आलं नाही, तर एन्झाइम असूनही रंग धरत नाही.

“शिट्टी झाली होती का रे?”

“न्हाई मॅडम, नुसतं फुसफुस. काल आपली स्टाफची खिचडी होती ना? त्या कुकरची रिंग ढिली झाली म्हून हितली तिकडं लावली. अन् तिकडची हितं.” मग हळूच म्हणाला, “खिचडी लई भारी झाली होती पण.”

ती मी दोनदा वाढून घेतली होती, त्यामुळे रागवायला तोंड नव्हतं.

कोरी रिंग आणली, नवी स्लाइड चढवली. शिट्टी झाली तशी मी आणि बालाजीने टाळ्या वाजवल्या. बाहेरून गुरुजींनी विचारलं, “काय शिजवून राहिले?”

“तुमचा निकाल!”

संध्याकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि स्टुलावरून उठून एक गिरकीच घेतली. चांगली किडनी तपकिरी, गाठही तपकिरी! एफएच जागच्या जागी होतं. सर्जनना फोन केला आणि गुरुजींना आत बोलावलं.

“पास, गुरुजी. तपासणीला येत राहावं लागेल, पण ती वाईट जात नाही.”

“माझं जाऊ द्या. पोरींचं?”

“त्यांच्यामागे हे लागलेलं नाही.”

गुरुजींनी टोपी काढून डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि बालाजी तर कुकर पोटाशी धरून उभा होता.

आता लॅबचा कुकर कुलपात असतो. आणि स्लाइड कोरी दिसली, की पेशंटच्या नशिबाला हात लावण्याआधी मी शिट्टीची चौकशी करते.